घनाला दाब विचारा, वायूला तापमान

प्रश्न थोडक्यात असा आहे: घन तापवला की द्रव होतो आणि वायू दाबला की द्रव होतो असे शाळेत शिकलो. मग ड्राय आइस (घन कार्बन डायऑक्साइड) तापल्यावर ओला का होत नाही? लाकूड का वितळत नाही? आणि एखादा दणकट कॉम्प्रेसर घेऊन नायट्रोजन दाबत राहिलो तर त्याचा द्रव होईल का?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर एका शब्दाचे आहे: नाही. खोलीच्या तापमानाला नायट्रोजन कितीही दाबला तरी तो नळीच्या तळाशी थेंबाथेंबाने साचणार नाही. दाट होत जाईल, अधिकाधिक दाट होईल, पण वर वायू आणि खाली द्रव अशी सीमारेषा काही दिसणार नाही. गंमत म्हणजे वातावरणाच्या वीस हजार पटींच्याही पुढे दाब नेला तर तो द्रवाचा टप्पा न दाखवताच घन होतो. तेव्हा अडचण कॉम्प्रेसरच्या ताकदीची नाही.

माझे काम आधी धातू वितळवण्याच्या भट्ट्यांवर आणि नंतर अतिशीत वायूंच्या प्रकल्पांत झाले, म्हणजे द्रवाकडे दोन्ही बाजूंनी जाणे झाले. त्यावरून एक पक्के सांगतो. द्रव ही घन आणि वायू यांच्या मधली जागा, आणि बऱ्याच पदार्थांत ती फार चिंचोळी असते. आर्गॉनचे बघा. नेहमीच्या हवेच्या दाबाला तो उणे १८९.३ अंशांना वितळतो आणि उणे १८५.८ अंशांना उकळतो. द्रव म्हणून त्याला जेमतेम साडेतीन अंश मिळतात. उलट गॅलियम २९.८ अंशांना वितळतो, म्हणजे तळहातावर ठेवला तरी पाणी होतो, आणि पुढे दोन हजार अंशांच्या वर जाईपर्यंत द्रवच राहतो. म्हणून ‘तापवा’ किंवा ‘दाबा’ एवढ्याने काम भागत नाही. घन हाती असेल तर आधी दाब पाहायचा, वायू असेल तर आधी तापमान. लोक नेमके उलटे करतात.

घनापासून सुरू करू.

घन तापवताना त्यातले कण जागच्या जागी अधिकाधिक थरथरतात. एका विशिष्ट तापमानाला ती रचना टिकत नाही, कण एकमेकांना धरून असतात पण जागा सोडून सरकू लागतात. तो वितळणबिंदू. पारा उणे ३८.८ अंशांना, कथिल २३२ ला, शिसे ३२७ ला, अ‍ॅल्युमिनियम ६६० ला, लोखंड १५३८ ला, टंगस्टन ३४२२ अंशांना. आकडे कोणत्याही कोष्टकात मिळतात. भट्टीवर काम करणाऱ्याला त्याहून महत्त्वाचा असतो तो अप्रकट उष्मा. वितळणबिंदूपर्यंत नेणे हा अर्धाच प्रवास. तिथे पोहोचल्यावर तापमापी थांबते आणि उष्णता मात्र जातच राहते. एक किलो बर्फ शून्य अंशावर नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्यात शून्याचे एक किलो पाणी ८० अंशांपर्यंत तापले असते. अ‍ॅल्युमिनियमला किलोमागे जवळपास ४०० किलोज्यूल लागतात, शिशाला फक्त २३. नवखा माणूस शिसे वितळवून तोच अंदाज अ‍ॅल्युमिनियमला लावतो आणि मग ‘६६० वर येऊन भट्टी अडकली’ म्हणून नियंत्रक तपासत बसतो. भट्टी अडकलेली नसते, धातू उष्णता पीत असतो.

वितळताना दिसणारी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुस्तकांत ती क्वचित असते आणि अपघात मात्र तिनेच होतात. बहुतेक पदार्थ वितळले की फुगतात. मेणासारख्यांचे आकारमान तर दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. आता बंद पिंपात फिनॉल आहे. ते ४१ अंशांच्या जवळ वितळते, थंडीत गोठून दगड होते. पिंप खालून तापवले तर तळाशी द्रव तयार होतो, तो फुगतो आणि वर गोठलेल्या थराचे बूच बसलेले असते. द्रवाला जायला वाट नाही. शिवणीतून किंवा तळातून पिंप फाटते आणि अंगावर येते ते गरम, कातडी जाळणारे फिनॉल. म्हणून गोठलेले पिंप वरून खाली किंवा सगळीकडून हळूहळू तापवायचे, झाकण आधी सैल करायचे. १६.६ अंशांना गोठणाऱ्या शुद्ध अ‍ॅसिटिक आम्लाच्या काचेच्या बाटलीलाही हेच लागू. पाणी, बिस्मथ, गॅलियम, सिलिकॉन हे मोजके पदार्थ उलट्या चालीचे, वितळताना आकसणारे. त्यांची भीती गोठताना.

धातूंच्या बाबतीत दुसरा शत्रू ओलावा. वितळलेल्या धातूत ओला तुकडा पडला की पाण्याची वाफ होते आणि तिचे आकारमान सोळाशे-सतराशे पट वाढते. मूस, चमचा, साचा, भंगाराचा तुकडा, जे काही त्या धातूला शिवणार ते आधी तापवून कोरडे केलेले असलेच पाहिजे. यात सवलत नाही.

आता तापमान न वाढवता घनाचा द्रव करण्याची युक्ती, जी मला सगळ्यात आवडते: मिसळ करणे. शुद्ध पदार्थात दुसरे काही मिसळले की त्याचा वितळणबिंदू खाली येतो. कथिल २३२ ला वितळते, शिसे ३२७ ला, पण ६३ भाग कथिल आणि ३७ भाग शिसे एकत्र केले तर मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होते. सोल्डर कामाला येते ते यामुळेच. त्यात बिस्मथ आणि कॅडमियम योग्य प्रमाणात घाला, वितळणबिंदू ७० अंशांच्या आसपास येतो. चौघांपैकी एकही धातू २३० अंशांखाली एकटा वितळत नाही आणि चौघे मिळून गरम पाण्यात विरघळल्यासारखे दिसतात. पाहिले नसेल तर जरूर पाहा, मात्र शिसे आणि कॅडमियम विषारी आहेत, हाताने चोळू नका. बर्फावर मीठ टाकल्यावर तो उणे तापमानातही वितळतो ते याच तत्त्वावर. मीठ-पाण्याच्या मिश्रणाची तळरेषा उणे २१ अंशांच्या जवळ आहे. वितळायला लागणारी उष्णता ते मिश्रण स्वतःतूनच काढते, म्हणून बर्फ वितळत असताना भांडे आणखी गार होत जाते. तापवल्याशिवाय वितळणे म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून स्वस्त प्रयोग नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा सगळा उद्योग अशाच एका मिसळीवर उभा आहे. अ‍ॅल्युमिना, म्हणजे ज्यातून हा धातू काढतात ते अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, याचा वितळणबिंदू २०७० अंशांच्या आसपास. एवढ्या तापमानाला वीज सोडून धातू वेगळा करत बसणे कुणाला परवडले नसते. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी स्वतंत्रपणे वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात अ‍ॅल्युमिना विरघळवला आणि काम ९६० अंशांच्या जवळपास आणले. काटेकोर बोलायचे तर हे वितळणे नव्हे, विरघळणे. अ‍ॅल्युमिनाचे कण द्रवात पसरले, शुद्ध अ‍ॅल्युमिना द्रव झाला नाही. परीक्षेत हा फरक महत्त्वाचा. कारखान्यात दोन्हींचा हेतू एकच असतो: घन हलवता येईल, ओतता येईल, त्यातून वीज नेता येईल असा करायचा.

सर्वच घन ठरावीक तापमानाला वितळतात असेही नाही. काचेला वितळणबिंदूच नाही. ती मऊ होते, मधासारखी होते, मग पातळ होते, आणि यातला कोणता क्षण ‘वितळली’ म्हणायचा हे आपण सोयीने ठरवतो. गंधकाचे वागणे तर भलतेच आहे. ११५ अंशांच्या आसपास ते वितळून पिवळे, पातळ, पाण्यासारखे वाहणारे होते. साधारण १५९ अंश ओलांडले की त्यातली आठ अणूंची कडी तुटून लांबच लांब साखळ्या बनू लागतात, रंग तांबूस-काळपट होतो आणि द्रव इतका घट्ट होतो की भांडे उलटे केले तरी पटकन पडत नाही. अजून तापवले की पुन्हा पातळ होतो. ४४५ अंशांना उकळतो. म्हणून गंधक नळीतून वाहून न्यायचे तर १२० ते १५० याच पट्ट्यात ठेवायचे. फ्राश याने १८९० च्या दशकात जमिनीखालचे गंधक काढायला दाबाखालचे, सुमारे १६५ अंशांचे पाणी आत सोडले, गंधक तिथेच वितळवले आणि द्रवरूपात वर आणले. खाणीत माणूस उतरवायची गरज पडली नाही.

लाकूड, कागद, कडक झालेला इपॉक्सी यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्यातले रेणू लांब आणि एकमेकांत बांधलेले असतात. ते सरकू लागतील एवढी उष्णता देण्याच्या आधीच त्यांचे बंध तुटतात. वायू, डांबरी वाफा आणि कोळसा उरतो. हवा पूर्ण काढून टाकली तर लाकूड जळणार नाही, पण वितळणारही नाही. साखर सीमेवरची: वितळताना दिसते पण त्याच वेळी मोडतही असते, म्हणून तिचा वितळणबिंदू कोण किती वेगाने तापवतो त्यावर बदलतो. चुनखडी उघड्यावर तापवली तर कार्बन डायऑक्साइड सोडून चुना होते. तिला बंदिस्त ठेवून वायू बाहेर जाऊ दिला नाही आणि दाब वातावरणाच्या शंभर पटींच्या आसपास नेला, तर तेराशे अंशांच्या पुढे तीही वितळते. विघटन रोखायलाही दाब उपयोगी पडतो तो असा.

आणि इथे दाबाचा मुख्य मुद्दा येतो. ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड. उघड्यावर तो उणे ७८.५ अंशांना थेट वायू होतो. जवळजवळ प्रत्येक पदार्थाला एक त्रिक बिंदू असतो, जिथे घन, द्रव आणि वायू तिन्ही एकत्र नांदू शकतात. त्या बिंदूच्या दाबाखाली द्रवाला अस्तित्वच नाही. कार्बन डायऑक्साइडचा त्रिक बिंदू उणे ५६.६ अंशांवर आणि वातावरणाच्या ५.१ पट दाबावर आहे. आपल्या भोवती दाब एक पट. म्हणजे आपण त्याच्या द्रवाच्या तळमजल्याच्याही खाली राहतो. नुसते तापवून तो कधीच ओला होणार नाही.

हे डोळ्यांनी पाहता येते. प्रयोगशाळेत मऊ, पारदर्शक प्लास्टिकच्या ड्रॉपरच्या फुग्यात ड्राय आइसचा चुरा भरतात, देठ दुमडून पकडीने घट्ट दाबतात आणि फुगा पाण्याच्या पेल्यात धरतात. काही क्षण काही होत नाही. मग पांढऱ्या चुऱ्याच्या कडा चमकू लागतात, कण एकमेकांना चिकटतात आणि एकदम सगळा चुरा स्वच्छ, अतिशय चपळ द्रवात बसतो, फुगा हलवला की तो पाण्याहून हलक्या अंगाने डुचमळतो. त्याच क्षणी पकड सैल केली की दाब सुटतो आणि द्रव परत पांढरा बर्फ होतो. पुन्हा दाबा, पुन्हा द्रव. पकड सोडायला उशीर झाला तर फुगा फुटतो, म्हणून गॉगल आणि पाण्याचा पेला हे दोन्ही हवेतच. हाच प्रकार झाकणाच्या बाटलीत करणे म्हणजे बॉम्ब बनवणे. बाटली पाच पटींवर थांबत नाही, फुटेपर्यंत दाब चढत जातो.

पाण्याचा त्रिक बिंदू मात्र वातावरणाच्या अवघ्या ०.००६ पट दाबावर, ०.०१ अंशावर आहे. म्हणून बर्फ आपल्याला नेहमी वितळतानाच दिसतो. मंगळावर हवेचा सरासरी दाब जवळपास तेवढाच आहे, त्यामुळे तिथे उघड्यावर पाणी टिकणे कठीण. उलट टोकाला कार्बन: ग्रॅफाइट द्रव करायचा तर चार हजार अंशांच्या पुढचे तापमान आणि शंभर पटींच्या आसपास दाब, दोन्ही लागतात.

आयोडीनबद्दल एक गैरसमज पिढ्यानपिढ्या चालू आहे. ‘आयोडीन वितळत नाही, त्याचे संप्लवन होते’, म्हणजे घनाचा थेट वायू होतो, असे ठोकून सांगितले जाते. आयोडीन ११३.७ अंशांना व्यवस्थित वितळते. त्याच्या त्रिक बिंदूचा दाब वातावरणाच्या आठव्या हिश्श्याएवढाच आहे, म्हणजे उघड्या हवेतही द्रवाला जागा आहे. मंद आचेवर ते वितळण्याआधीच बरेचसे जांभळ्या वाफा होऊन उडते, म्हणून द्रव नजरेस पडत नाही. परीक्षानळीत थोडे जास्त घ्या, जरा झटकन तापवा, तळाशी काळसर द्रव दिसेल (प्रयोगशाळेतल्या वाफा ओढून घेणाऱ्या धुरांड्याखाली करा, वाफा झोंबतात). कापूर आणि नॅप्थलीन यांचेही तसेच. कापूर १७५ अंशांच्या आसपास आणि नॅप्थलीन ८० अंशांना वितळते. संप्लवन होते याचा अर्थ वितळणे अशक्य, असा नाही.

दाब वाढवून बर्फ वितळतो हेही खरे, पण परिणाम अगदी किरकोळ. एक अंशाने वितळणबिंदू खाली आणायला साधारण १३५ वातावरणांइतका दाब लागतो. बर्फाच्या लादीवर वजने टांगलेली तार ठेवली की ती लादीतून आरपार उतरते आणि लादी मागे पुन्हा सांधली जाते, ते पुनर्हिमायन यामुळेच. स्केटिंगचे बूट मात्र नुसत्या दाबाने घसरत नाहीत. त्यात घर्षणाची उष्णता आहे आणि बर्फाच्या पृष्ठभागावर वितळणबिंदूच्या खालीही असणारा पातळ, सैल थर आहे. त्या थराची कल्पना फॅरडेने १८५० मध्येच मांडली होती.

फॅरडेचे नाव आलेच आहे तर वायूंकडे वळू. १८२३ मध्ये त्याने वाकड्या, दोन्ही टोके बंद केलेल्या काचनळीत क्लोरीनचे स्फटिकरूप संयुग तापवले. बाहेर पडलेल्या वायूने स्वतःवरच दाब आणला आणि नळीच्या थंड बाजूला पिवळा, तेलकट द्रव जमला. तो द्रव क्लोरीन. याच मार्गाने पुढे बहुतेक ज्ञात वायू द्रव झाले, पण १८४५ पर्यंत सहा वायू हट्टाने उरले: ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन. त्यांना ‘कायमचे वायू’ म्हणू लागले. व्हिएन्नात नाटरर याने दाब दोन हजार वातावरणांच्याही पुढे नेऊन पाहिला. काही नाही.

गाठ सोडवली थॉमस अँड्र्यूजने. त्याने कार्बन डायऑक्साइड वेगवेगळ्या तापमानांना दाबून पाहिला आणि १८६९ मध्ये निष्कर्ष मांडला: ३१ अंशांखाली दाबला की तो द्रव होतो, ३१ च्या वर कितीही दाबला तरी द्रव आणि वायू अशी सीमा दिसत नाही. हे क्रांतिक तापमान. त्याच्या वर कणांची धावपळ इतकी असते की त्यांना जवळ ढकलता येते, पण एकमेकांच्या ओढीने बांधून ठेवता येत नाही. हे कळल्यावर सहा वायूंचे कोडे राहिलेच नाही. ऑक्सिजनचे क्रांतिक तापमान उणे ११८.६, नायट्रोजनचे उणे १४७, मिथेनचे उणे ८२.६, हायड्रोजनचे उणे २४०. नाटरर चुकीच्या तापमानाला बरोबर दाब देत होता.

व्यवहारात वायूंचे दोन गट पडतात ते याच आकड्यावरून. प्रोपेन (९६.७), ब्युटेन (१५२), अमोनिया (१३२), क्लोरीन (१४४): क्रांतिक तापमान खोलीच्या बरेच वर, म्हणून नुसत्या दाबाने द्रव होतात. प्रोपेनला २० अंशांवर आठ-नऊ वातावरणे पुरतात. मात्र दाबताना निघणारी उष्णता बाहेर काढावीच लागते, नाहीतर वायू तापतो आणि दाब चढूनही द्रव जमत नाही. फ्रिजच्या मागची गरम जाळी हेच काम करते, तिच्यातच वायूचा द्रव होतो. अशा सिलिंडरमध्ये द्रव आणि त्यावर वायू असतो, म्हणून द्रव संपेपर्यंत गेजचा आकडा हलत नाही. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर २० अंशांना ५७ बार दाखवते (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण), भरलेले असो वा तळाशी ओंजळभर द्रव उरलेला असो. किती उरले हे कळायला वजनच करावे लागते. आणि सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत. द्रव तापल्यावर फुगतो आणि द्रव दबत नाही. वर वायूची मोकळी जागा उरली नाही तर पोलादही हार मानते.

दुसऱ्या गटाला आधी थंड करावे लागते, तेही अशा तापमानापर्यंत जिथे साधा फ्रिज पोहोचत नाही. १८७७ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये कायते याने ३०० वातावरणांवर दाबलेला, उणे २९ अंशांपर्यंत गार केलेला ऑक्सिजन एकदम मोकळा सोडला आणि नळीत क्षणभर धुके उठले. जिनिव्हात पिक्ते याने पायऱ्यापायऱ्यांनी काम केले: एक वायू द्रव करून उकळवायचा, त्याच्या थंडीने पुढचा द्रव करायचा, त्याच्या थंडीने त्याच्या पुढचा. भांड्यात साठून राहील, शांत उकळताना दिसेल असा द्रव ऑक्सिजन १८८३ मध्ये क्राकोव्हला व्रुब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की यांनी मिळवला.

आजही मोठ्या प्रकल्पांत जे चालते त्याचा पाया १८९५ च्या लिंडेच्या यंत्रात आहे. दाबलेली हवा बारीक छिद्रातून किंवा व्हॉल्व्हमधून कमी दाबाकडे सोडली की थोडी गार होते. कण एकमेकांपासून दूर जाताना ओढीविरुद्ध काम करतात, ते काम त्यांच्याच गतीतून वसूल होते. हा जूल-थॉमसन परिणाम. खोलीच्या तापमानाला हवेसाठी तो एका वातावरणामागे पाव अंशाहून कमी. २०० वातावरणांवरून एकदम खाली आलात तर पस्तीस-चाळीस अंश मिळतील. लागतात मात्र दोनशेच्या आसपास! लिंडेची करामत अशी की ही गार झालेली हवा सोडून न देता तो तिला येणाऱ्या दाबलेल्या हवेच्या नळीभोवती उलट फिरवतो. येणारी हवा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचेतो आधीच गार झालेली, सुटल्यावर आणखी गार, ती परत पुढच्या हवेला गार करते. सावकाराच्या व्याजासारखी थंडी थंडीवर चढत जाते. काही तासांनी व्हॉल्व्हच्या तोंडाशी थेंब दिसतात. साध्या लिंडे पद्धतीत एका फेरीत दहा टक्क्यांहून कमी हवा द्रव होते, उरलेली परत फेरीला जाते. मोठ्या प्रकल्पांत व्हॉल्व्हच्या जोडीला टर्बाइन बसवतात. वायूने टर्बाइन फिरवली की ते काम त्याच्या उष्णतेतून जाते आणि तो कितीतरी जास्त गार होतो. क्लोदने १९०२ मध्ये हीच कल्पना दट्ट्याच्या इंजिनावर चालवून दाखवली होती.

माझा बराचसा वेळ मात्र थंडी निर्माण करण्यात कमी आणि वायू स्वच्छ करण्यात जास्त गेला. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आधी काढले नाहीत तर दोन्ही उष्णता-विनिमयकात, म्हणजे परतणारी गार हवा येणाऱ्या हवेला जिथे गार करते त्या नळ्यांत, गोठतात आणि वाट बंद करतात. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत गार करून द्रव करतात (आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते, म्हणून जहाजातून नेणे परवडते), तिथे पाराही काढावा लागतो. त्याचे नाममात्र अंश अ‍ॅल्युमिनियमच्या विनिमयकाला आतून खातात.

हायड्रोजन आणि हेलियम यांना एक वेगळी खोड आहे: खोलीच्या तापमानाला व्हॉल्व्हमधून सोडले की ते गार न होता तापतात. हायड्रोजनला आधी उणे ७० अंशांच्या बरेच खाली न्यावे लागते, त्यासाठी द्रव नायट्रोजन वापरतात, आणि हेलियमसाठी पूर्वी द्रव हायड्रोजन वापरत. ड्यूअरने १८९८ मध्ये हायड्रोजन, तर कॅमरलिंग ओनेसने १० जुलै १९०८ रोजी लायडनमध्ये हेलियम द्रव केला, ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंशांना (केल्विनची मोजणी उणे २७३ अंशांपासून सुरू होते). हेलियम हा अखेरचा. नेहमीच्या दाबाला तो कितीही थंड केला तरी गोठत नाही, घन करायला २५ वातावरणे द्यावी लागतात.

हायड्रोजनचा त्रास द्रव झाल्यावरही संपत नाही. त्याच्या रेणूंचे ऑर्थो आणि पॅरा असे दोन प्रकार आहेत. खोलीत तीन हिस्से ऑर्थो आणि एक हिस्सा पॅरा असतो, २० केल्विनला मात्र जवळपास सगळा पॅराच हवा. हा बदल आपसूक, पण सावकाश होतो, आणि होताना जी उष्णता सुटते ती हायड्रोजनच्या बाष्पीभवनाला लागणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असते. म्हणजे उत्तम निर्वात भांड्यात, बाहेरून काहीही उष्णता न शिरता, टाकीतला द्रव स्वतःच्याच उष्णतेने उडून जातो. म्हणून द्रवीकरणाच्या वाटेतच लोह ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून वायू फिरवून बदल आधीच उरकून घेतात.

आता तुमचा नायट्रोजन. लहान प्रमाणावर करायचा तर कॉम्प्रेसर मोठा करण्यात अर्थ नाही. क्रायोकूलर घ्यावा, म्हणजे हेलियमवर चालणारे छोटे शीतयंत्र, ज्याचे टोक ७७ केल्विनच्या खाली जाते. ते टोक निर्वात भिंतीच्या भांड्याच्या तोंडातून आत सोडायचे आणि कोरडा नायट्रोजन साधारण वातावरणीय दाबालाच आत येऊ द्यायचा. टोकावर तो दवासारखा जमतो आणि ठिबकतो, उच्च दाब कुठेच लागत नाही. खोली हवेशीर असावी, एक लिटर द्रवाचा जवळपास सातशे लिटर वायू होतो आणि गुदमरण्याआधी माणसाला काही जाणवत नाही. भांड्याला मोकळा श्वासमार्ग ठेवा, पक्के झाकण कधीच नको. नायट्रोजनऐवजी साधी हवा आत गेली तर ऑक्सिजन आधी जमू लागतो, कारण तो नायट्रोजनपेक्षा तेरा अंश वर, उणे १८३ ला द्रव होतो. भांड्यातल्या द्रवाला फिकट निळी झाक आली तर त्यात ऑक्सिजन साठला आहे असे समजा, तेल, ग्रीस, कापड आणि ठिणगी यांपासून भांडे लांब न्या आणि उघड्या, वाऱ्याच्या जागी ते आपोआप उडून जाऊ द्या.